वरचा थर

प्रशिक शिकला फार, पण संत्र्याच्या दुकानावर एक दिवस बसला नाही, ही त्याच्या आजीची, तुळसाबाईंची, जुनी तक्रार. त्या दिवशी तर सीताबर्डीच्या बाजारात न्यायला भरून ठेवलेल्या दोन पेट्याच तो ऑटोत घालून कॉलेजात घेऊन गेला. आजीला विचारलं एवढंच, गोड कोणती नि आंबट कोणती.

नर्सिंगच्या मुलींना तो संख्याशास्त्र शिकवी, तेही तात्पुरता. आज प्राचार्या कामिनी मॅडम मागच्या बाकावर बसणार होत्या. कायमची नोकरी त्या तासावर ठरणार होती.

दोन्ही पेट्यांना ‘गोड’, ‘आंबट’ अशा चिठ्ठ्या लावून, वर कापड झाकून त्याने मुलींकरवी पेट्यांच्या जागा बदलून घेतल्या. एकीत दहातली आठ गोड, दुसरीत दोनच, असं धरलं. समोर कोणती आहे ठाऊक नाही. म्हणून सुरुवातीला निम्मानिम्म अंदाज धरायचा आणि एकेक संत्रं खाऊन तो सुधारत जायचा. रोगाच्या तपासणीचंही असंच असतं, तो म्हणाला. खुशी नावाच्या मुलीने कापडाखाली हात घालून तीन खाल्ली. तिन्ही गोड. फळ्यावर गणित झालं: ही गोड पेटी असण्याची शक्यता शंभरात अठ्ठ्याण्णव. प्रशिकने ऐटीत कापड ओढलं. चिठ्ठी निघाली ‘आंबट’.

दुसऱ्या पेटीतलीही तीन गोडच निघाली. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

"सर, मंग गणित चुकलं का संत्रं?" खुशीने विचारलं.

तेवढ्यात पेट्या परत न्यायला आलेल्या तुळसाबाई दारात उभ्या. फळ्यावरचं त्यांना काही कळलं नाही. ‘आंबट’ पेटीपुढची गोड संत्र्यांची सालं पाहून सगळं कळलं. बोलावं तर चाळीस मुली आणि आठ वर्षांचं गिऱ्हाईक असलेल्या मॅडम, सगळ्यांपुढे दुकान उघडं पडणार. न बोलावं तर नातवाची नोकरी गेली. त्यांनी पदर खोचला, ‘आंबट’ पेटीच्या तळाशी हात घालून एक संत्रं काढलं आणि मॅडमना दिलं. मॅडमचं तोंड वाकडं झालं.

"पोराचं गणित बरोबर आहे, मॅडम. वरचा गोड थर मी लावला. पेटी कोनं भरली, तेवढं त्यानं नाही पाह्यलं."

मॅडमनी आंबट तोंडानेच मुलींना लिहून घ्यायला सांगितलं: पुरावा कोणी निवडून दिला, ते आधी विचारा. मग आपल्या वहीतलं खोडून त्यांनी ‘उत्तम’ लिहिलं.

परतीच्या ऑटोत तुळसाबाईंनी दोन्ही पेट्या पायांशी ओढून घेतल्या. मग म्हणाल्या, "एवढा शिकला तू बाबू, पन आपल्या आजीवर शक घ्यायले नाही शिकला. बरं झालं, दुकानावर नाही बसला."