जिपार एजेंची शून्य प्रगती

डोंगरातल्या नारीन गावच्या पाणीपुरवठा कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांची ताकद दरमहा वाढली पाहिजे, असा आदेश राजधानीहून आला. सोबत लोखंडी दांडे आले, वजनं आली आणि अर्धं ताट भाज्यांनी भरलेलं एक रंगीत चित्र आलं. निम्म्या गावात पाणी येत नव्हतं, पण त्याबद्दल आदेशात काही म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे त्याबद्दल काही करणं नियमबाह्य ठरलं असतं.

संचालक सूयुनबेक साहेबांनी भांडारपाल मेदेरबेकला बलसंवर्धन अधिकारी नेमलं. पहिल्या मोजणीत पहिलं नाव बिलं काढणाऱ्या जिपार एजेंचं निघालं. पन्नाशीची बाई, म्हणून सगळ्यांची 'एजे', म्हणजे ताई; अंगावर घरीच विणलेला लोकरी स्वेटर. सगळी वजनं चढवलेला दांडा त्यांनी डोक्यावर उचलला, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "कुठं ठेवू?"

टाळ्या पडल्या. मेदेरबेकचा चेहराही पडला.

"एजे, काय केलंत हे! आता पुढच्या महिन्यात काय उचलणार? कपाट?"

"कपाट कुठं न्यायचंय?"

"न्यायचं नाहीये हो! प्रगती दाखवायचीय!"

बाकीच्यांना मुद्दा चटकन कळला. उपसंचालकांना सगळ्यात लहान डंबेल जागचं हलवता येईना. वाहनचालक तर नुसता दांडा बघूनच मटकन खाली बसला. महिन्याभरात दोघांची ताकद दुपटीने वाढली. भिंतीवरच्या फलकावर सगळ्यांचे बाण वर गेले. जिपार एजेंचा तेवढा आडवा झोपून राहिला.

आहाराची अडचण वेगळी होती. आमच्याकडे हिवाळ्यात भाजी म्हणजे बटाटा आणि कांदा. अर्धं ताट भरायचं कशानं? समिती बसली. घोडा आयुष्यभर गवतच खातो, सबब घोड्याच्या मांसाचं सॉसेज, म्हणजे आमचं चुचुक, ही पालेभाजीच होय, असा निर्णय एकमताने झाला. संतुलित आहाराची सगळ्यांना एकदम गोडी लागली.

मग दुसरा आदेश आला. ज्याची प्रगती शून्य, त्याची बदली खिंडीतल्या पंपघरात. जिपार एजेंचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. त्या मेदेरबेकच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मी उचललं ते खोटं होतं का रे?"

"खरं होतं, तेच तर चुकलं. एजे, माझं ऐका, जरा अशक्त व्हा. तिथून पुढे चढणं सोपं जातं."

एजेंनी मनापासून प्रयत्न केला. पातळ सुपावर राहिल्या, कार्यालयात खुर्चीतून उठेनाशा झाल्या. मोजणीला दांडा पुन्हा डोक्यावर गेला. एवढी ताकद येते कुठून, हे शोधायला मेदेरबेक सकाळीच त्यांच्या घरी धडकला. एजे दोन्ही हातांत भरलेले कॅन घेऊन नदीवरून चढ चढत होत्या.

"हे रोज?"

"नळ कोरडा आहे ना. कितीतरी वर्षं झाली."

"मग तक्रार का नाही केलीत?"

"केली की. आपल्याच कार्यालयात. मीच नोंदवून घेतली."

मेदेरबेकने अहवाल दिला: घरी पाणी नसल्यामुळे कर्मचारी बळकट राहतो व त्याची प्रगती खुंटते. वर्षानुवर्षं न सापडलेला फुटका पाइप दुसऱ्या दिवशी सापडला. एजेंच्या दारापर्यंत दुरुस्त झाला आणि निधी संपल्यामुळे तिथेच थांबला.

नळाला पाणी आलं त्या दिवशी एजे त्याच्यासमोर बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या. महिन्याभरात हात मऊ पडले. पुढच्या मोजणीत दांडा छातीशीच अडला. साहेबांनी स्वतः अभिनंदन केलं.

पण चढावरच्या शेवटच्या घरात बुरूल आपा एकट्या राहत. काठीच्या आधाराने नदीकडे निघालेली म्हातारी बघून एजेंना राहवेना. त्यांनी आपल्या नळावर कॅन भरून आपांकडे पोहोचवायला सुरुवात केली. ताकद परत आली. फलकावरचा बाण असा वर गेला की कागद चिकटवून भिंतीवर जागा वाढवावी लागली. बदली रद्द झाली, एजेंचा फोटो राजधानीला गेला.

वसंतात बुरूल आपा धापा टाकत कार्यालयात आल्या.

"पोरा, पाइप माझ्या दारापर्यंत कधी आणतोस?"

मेदेरबेकने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. "आपा, तुमच्या घरी पाणी येतं ना?"

"जिपार आणते म्हणून."

"म्हणजे येतं."

"अरे, ती माणूस आहे, पाइप नाही!"

"पाइप गोठतो, आपा. एजे गोठत नाहीत."

अर्ज निकाली निघाला. ही व्यवस्था राजधानीला इतकी पसंत पडली की आता प्रत्येक पाणी कार्यालयाच्या दारावर सूचना लागली आहे: ज्यांच्या घरी पाणी पोहोचत नाही, त्यांनी आपला शेजारी पुरेसा बळकट आहे का ते पाहावे. ज्यांच्या घरी पोहोचते, त्यांनी तो शेजारी आपणच आहोत हे ओळखून उद्यापासून वजने उचलावीत.