आमच्या ह्यांची मुलाखत आणि माझं कोपर

टीव्हीवरच्या लढाईला अजून वेळ होता, पण आमच्या घरातली फौज केव्हाच येऊन बसली होती. शेजाऱ्यांना त्यांच्याच खुर्च्या घेऊन बोलावलं होतं. धाकटा दीर आणि जाऊ यांना तर दोनदा निरोप धाडला होता. का, तर त्या युद्धाच्या माहितीपटात आमचे हे दिसणार होते. दीरही फौजेतच होते, पण गोदामात. ब्लँकेटं सांभाळायचे. हे मी कुणाला मुद्दाम सांगत नाही. जाऊ शेजारी बसली असली की तोंडातून आपोआप निघतं. माझे वडील फौजेत ट्रक चालवायचे. म्हणजे फौज माझ्या माहेरचीही आणि सासरचीही. मी फक्त वर्दी घातली नाही, हुकूम मात्र जन्मभर सोडले.

ह्यांना टीव्हीवर दिसायची काडीची हौस नव्हती. त्यांना हवा होता लंब्या. लढाईत दोघं एकाच खंदकात होते. लंब्या जखमी होऊन इस्पितळात गेला, मग ह्यांची पलटण हलली, आणि पुढे त्याचा पत्ताच लागला नाही. "मी त्याचं पूर्ण नाव घेईन. असला कुठं तर ऐकेल," एवढंच त्यांनी त्या फिल्मवाल्या मुलीला सांगितलं होतं. ह्या माणसाने कुणाकडे काही मागितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मुलाखत आमच्याच पुढच्या खोलीत झाली होती. मुलगी गोड होती, पण मला म्हणाली, "आजी, तुम्ही इकडं बाजूला बसा. आणि मध्ये बोलायचं नाही हं."

"मी कशाला बोलतेय?" मी म्हटलं. आणि नाहीच बोलले. चहा गाळून होईपर्यंत चकार शब्द काढला नाही.

पण ह्यांचं बोलणं म्हणजे गंजलेला नळ. आधी हवा येते, मग खरखर, मग कुठे थेंब. त्यात कोटाची कॉलर आत दुमडलेली, छातीवरची पदकं वाकडी. जग बघणार म्हटल्यावर ही पदकं जरा सरळ नकोत? मी आपली हळूच सांगत होते. माझं हळू म्हणजे केवढं, ते मला टीव्हीवर कळलं.

माहितीपट सुरू झाला. आधी धूर, मग चिखल, मग पोरं. लढाई म्हणजे मिशीवाले जवान असं माझ्या डोक्यात होतं. ही तर पोरं होती! गालफडं बसलेली, डोळे ताठ, एकाच्या डोक्यावर शिरस्त्राण तर पातेल्यासारखं डुगडुगत होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचे डोळे त्या पोरांत कुणाला तरी शोधत होते. इतकी वर्षं मी ह्यांच्या शौर्याचा डंका पिटला, पण तिथे काय झालं, हे कधी धड विचारलंच नाही. विचारलं असतं तर उत्तराला वेळ लागला असता, आणि मला कुठे तेवढा दम!

तेवढ्यात सून ओरडली, "बाबा आले, बाबा आले!"

पडद्यावर हे. कोट, पदकं, आणि डाव्या बाजूला एक कोपर. माझं.

"खंदकात माझ्याबरोबर," पडद्यावरचे हे सावकाश म्हणाले, "माझा एक दोस्त होता. त्याचं नाव..."

"अहो, कॉलर!" कोपर गरजलं.

"हां. तर त्याचं नाव..."

"बिस्किट घ्या आधी, घसा कोरडा पडलाय तुमचा!"

आणि पडद्यावर धडाधड रणगाडे. संपलं. पुन्हा हे काही दिसले नाहीत.

खोलीत हशा पिकला. जाऊने डोळे पुसत विचारलं, "जाऊबाई, सिनेमा भावजींचा होता की तुमच्या कोपराचा?"

"ब्लँकेटांवर काढतील तेव्हा तुला बोलावतील," मी म्हटलं, पण बोलण्यात जोर नव्हता. कारण हे उठून गॅलरीत गेले होते. मी मागोमाग गेले.

"अहो..."

"राहू दे गं," हे म्हणाले. "तो नसेलही आता."

ओरडले असते तर मी परतून ओरडले असते. 'राहू दे'ला काय उत्तर देणार? मी आत आले आणि त्या मुलीला फोन लावला. ती उचलेना. पुन्हा लावला. शेवटी तिचाच आला.

"हे बघ पोरी," मी सुरू केलं, "ते नाव सिनेमात घाल. माझं कोपर काप, हवं तर मला सबंध काप, पण..."

"आजी, एक मिनिट ऐका! एक आजोबा चॅनेलला फोन करून ओरडताहेत. म्हणे, त्या बाईंशी बोलायचंय. जोडून देते."

खर्र झालं आणि एक म्हातारा आवाज आला. "वहिनी? मी लंब्या."

मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि फोन कानाला घट्ट लावला.

"त्याला काही मी ओळखला नाही हो," लंब्या म्हणाला. "टक्कल पडलंय, दात गेलेत. पण तुम्ही 'अहो' म्हणालात आणि माझ्या हातातला कप पडला! आमची गाडी सुटली तेव्हा तुम्ही फलाटावर डब्याबरोबर पळत होता. 'अहो, लढाई असो नसो, वेळेवर जेवा!' सगळ्या पलटणीने ऐकलं. मग खंदकात गोळे पडायला लागले की मी तुमचा आवाज काढायचो, 'अहो, डोकं आत घ्या!' मरणाच्या भीतीत हसायचो आम्ही."

मी फोन नेऊन ह्यांच्या हातात दिला आणि निमूट चहा ठेवायला गेले. गॅलरीतला गंजका नळ धो धो सुटला होता. पाहुण्यांना उठवेना, मला चहा गाळवेना.

कप घेऊन बाहेर आले, तर गॅलरीतून ह्यांनी लंब्यासाठी काढलेला माझा आवाज घुमला, "अहो, पाय पुसून या! अहो, कानटोपी कुठंय?"

जाऊ तिकडे तोंड करून वैतागली, "जाऊबाई, आता तरी भावजींना बोलू द्या की हो!"

मी तिच्या मागे उभी होते. तोंड बंद, हातात ट्रे.