बाबांच्या आवाजातला वारा

वादळ डोक्यावर आलं आणि टॉर्च पेटेना. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण हे घर वादळमास्तरांचं होतं. सहा वर्षं हा गृहस्थ शाळाशाळांतून फिरून पोरांना वादळाची तयारी शिकवत होता. पिण्याचं पाणी भरून ठेवा, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घाला, बिनखिडकीच्या खोलीत बसा, टॉर्चचे सेल तपासा. सेल तपासायचे राहिले ते फक्त स्वतःच्या घरचे. ते त्याने शाळेत दाखवायच्या टॉर्चमध्ये घातले होते, आणि तो टॉर्च कोपऱ्यावर लावलेल्या गाडीत होता.

त्यामुळे भर दुपारी तीन वाजता मास्तर, त्याची आठ वर्षांची ठमी आणि सासूबाई असे तिघं काळ्याकुट्ट बाथरूममध्ये बसले होते. बायको नर्स, ती इस्पितळात ड्युटीवर अडकलेली. सासूबाई पालथ्या बादलीवर बसून दर दहा मिनिटांनी विचारत होत्या, "टॉर्च लागला का हो, जावईबापू?"

"लागेल, आई. जरा दमट झालाय."

"टॉर्च दमट होतो हे नवीनच ऐकते."

आणि वारा थांबला. हळूहळू नाही, कुणी बटण बंद करावं तसा. इतका वेळ छपरावर चाललेला धिंगाणा एकाएकी गप्प झाला, आणि त्या शांततेनेच ठमीने आजीचा हात घट्ट धरला.

"हा वादळाचा डोळा," ती कुजबुजली. "आता बाहेर जायचं नाही. आता वारा हाका मारतो."

हे तिला बापानेच शिकवलं होतं. झालं होतं असं, की वादळाच्या मधोमध वारा वीसेक मिनिटं पडतो आणि मग उलट्या बाजूने दुप्पट जोरात येतो, हे मास्तर कानीकपाळी ओरडून सांगायचा, पण पोरं विचारायची, "मग वीस मिनिटं खेळायला जाऊ?" शेवटी वैतागून त्याने एक थाप मारली. म्हणाला, त्या वेळी वारा आपल्या माणसांचे आवाज काढतो. बाबांच्या आवाजात हाक मारतो, दार उघडलंत की संपलं. पोरं अशी चिडीचूप झाली, की त्या दिवसापासून प्रत्येक शाळेत ही थाप ठरलेली.

आता वीस मिनिटं हातात होती; कोपऱ्यावर जाऊन टॉर्च आणायला कितीसा वेळ लागतो? पण लेकीसमोर कसं जाणार? "कागदांची पिशवी आतल्या खोलीत राहिली, आणतो," असं म्हणून मास्तर उठला, पुढचं दार आवाज न करता उघडलं आणि बाहेर पडला. दार मागे आपोआप लागलं. किल्ली आत खुंटीवर.

बाहेरचा उजेड पितळेसारखा पिवळा होता. रस्त्याच्या मधोमध शे-दीडशे समुद्रपक्षी बसले होते, ओले, गप्प, सगळे एकाच दिशेला तोंड करून. तो त्यांच्यातून वाट काढत गेला तरी एकही उडाला नाही. समोरच्या आवारातला झोका हलत होता, आणि वारा तर नव्हता. लांब कुठेतरी कुणी पुरुष कुणालातरी हाक मारत होता. आवाज ओळखीचा वाटला, पण मास्तरला त्याचा विचार करायचा नव्हता. त्याने डिकीतून टॉर्च घेतला आणि तो जवळजवळ पळतच परत आला.

"ठमे, दार उघड गं!"

आत सामसूम. मग दाराच्या अगदी जवळून बारीक आवाज आला, "कोण आहे?"

"अगं मी, बाबा!"

"आमचे बाबा घरात आहेत. आतल्या खोलीत." आणि ठमीने मागे वळून हाक मारली, "बाबा!"

"ओ!" मास्तर बाहेरून म्हणाला.

आत कुणीतरी दचकून श्वास ओढला. सासूबाईंची पावलं आत जाऊन परत आली. "अगं बाई! खोलीत तर कुणीच नाही."

"ठमे, ऐक. वारा आवाज काढत नाही. ती थाप होती, मी मारलेली."

"वारा असंच म्हणणार," ठमी म्हणाली. एरवी बापाला अरेतुरे करणारी पोर आता परक्याशी बोलावं तशी बोलत होती. "तुम्ही बाबा असाल तर सांगा, मी कितवीत आहे?"

"दुसरीत!"

"तिसरीत." आतला आवाज आणखी बारीक झाला. "माझा कुठला दात पडलाय?"

दात पडलाय? कधी? साठ शाळांमधल्या पोरांना त्याने दात घासायच्या पाण्याचासुद्धा हिशेब शिकवला होता. "वरचा?" तो म्हणाला.

"आजी, हा वाराच आहे."

मागे रस्त्यावर पंखांचा फडफडाट झाला. सगळे पक्षी एकदम उठले. गल्लीच्या टोकाला पत्रे वाजायला लागले, या वेळी दुसऱ्या बाजूने. मास्तर दोन्ही हातांनी दार बडवू लागला. "आई! अहो, निदान तुम्ही तरी उघडा!"

"थांब गं, मी विचारते," सासूबाई पुढे झाल्या. "काय हो, परवा माझी औषधं का नाही आणली?"

"आई, दुकान बंद होतं!"

"उघड दार," सासूबाई म्हणाल्या. "जावईच आहे. इतक्या सफाईने खोटं वाऱ्याला नाही जमायचं."

दार उघडलं, मास्तर आत पडला, तिघांनी मिळून दार रेटलं, आणि त्याच क्षणी वाऱ्याने बाहेरून धडक मारली. तिघं धावत बाथरूममध्ये शिरले. टॉर्च लागला. मास्तरने लेकीला कुशीत घेतलं. त्याला मनापासून लाज वाटत होती, आणि ती त्याने बोलूनही दाखवली. "चुकलो गं. यापुढे आधी तुझी शाळा, मग बाकीच्यांची. आणि वाराबिरा काही बोलत नाही, बरं का."

तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली.

"ठमे," बाहेरून मास्तरच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "दार उघड गं."

ठमीने मास्तरच्या हातातला टॉर्च शांतपणे काढून घेतला आणि शिकवल्याप्रमाणे जागेवरूनच ओरडून विचारलं, "माझा कुठला दात पडलाय?"

"खालचा," उत्तर आलं. "डावीकडचा. बुधवारी, सफरचंद खाताना. आणि तू रडली नाहीस."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "बरोबर आहे की."

ठमी बापाच्या कुशीतून जरा बाजूला सरकली. तिने टॉर्चचा झोत त्याच्या तोंडावर धरला आणि विचारलं, "मग तुम्ही कोण?"