आतून न उघडणारं दार

मेहुणीने ते वाक्य बोलायला नको होतं, आणि बोललीच होती तर कुंडीकाकांनी ते मनावर घ्यायला नको होतं.

काका सिमेंटच्या कुंड्या बनवून विकत, म्हणून गल्लीने त्यांना दिलेलं हे नाव. कुंड्या पोचवायला त्यांच्याकडे एक पिकअप होती. तिचं किलोमीटरचं मीटर एकदा सगळे आकडे संपवून पुन्हा शून्यापासून सुरू झालं होतं, त्यामुळे गाडी "तशी नवीनच" आहे, असं काका सांगत. दुरुस्त्या ते स्वतः करत. (म्हणूनच दुरुस्त्या इतक्या असत.) शेजारच्या सीटचं दार मात्र कित्येक वर्षं आतून उघडत नव्हतं. कुठेही पोचलं की काका उतरत, बॉनेटला वळसा घालून पलीकडे जात, दार जरा उचलून बाहेरून खेचत आणि काकू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरत. गाडी उंच होती आणि काकूंचे गुडघे गाडीइतकेच कुरकुरत.

"काय हो भावोजी," मेहुणी म्हणाली, "अजून दार तसंच? ताईला कोंडून नेता की काय?"

सगळे हसले. काकूही हसल्या, आणि तेच काकांना लागलं. दुसऱ्या दिवशी काकू बहिणीकडे राहायला गेल्या आणि इकडे काकांनी स्क्रू ड्रायव्हर काढला.

दाराचं आतलं कव्हर निघालं. (निघालं म्हणजे तुटलं.) पाठोपाठ काच धाडकन दाराच्या पोटात गेली. ती वर घ्यायला हात घातला, तर हातच अडकला. उरलेल्या हाताने काकांनी गॅरेजच्या मेस्त्रीला फोन लावला.

"मेस्त्री, लगेच या. दारात अडकलोय!"

"कुठल्या, घराच्या?"

"गाडीच्या!"

"मग काच खाली करा आणि या बाहेर."

"काच खालीच आहे. मीही बाहेरच आहे!"

"बाहेर आहात, तर अडकलात कुठे?"

"हात आत आहे हो!"

मग मेस्त्रीने धसकून विचारलं, "काका, तुम्ही दुरुस्ती करताय का?"

मेस्त्री आला. आधी त्याने काकांना सोडवलं, मग आत बॅटरी मारली आणि कुलपाच्या दांडीखाली रुतलेला एक गंजका पाना ओढून काढला. पान्यावर काकांच्या हत्यारांवर असते तशी लाल पट्टी होती. कुठल्याशा जुन्या दुरुस्तीत काका तो आतच विसरले होते. वाईट म्हणजे, तो ढापल्याचा आळ त्यांनी साडूवर घेतला होता, आणि तेव्हापासून तो बिचारा काकांच्या घरी आला की खिशात हातसुद्धा घालत नसे.

पाना निघाला आणि दार एका बोटाने उघडू लागलं.

काकूंना घेऊन आल्यावर काकांनी घरासमोर गाडी उभी केली आणि ऐटीत म्हटलं, "उघड बघू आतून!"

काकूंनी हँडल ओढलं. "अगं बाई! बरं केलंत हो," असं म्हणून त्या उतरल्या आणि भाजी निवडायला आत गेल्यासुद्धा. काका स्टीअरिंग धरून बसून राहिले.

मग रोज तेच. बँकेसमोर काका सवयीने वळसा घालून पोचले, तोवर काकू पायऱ्या चढत होत्या. काकांनी रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि उगाच दार पुसलं. चारचौघांत काकूंनी त्यांचा हात धरल्याचं त्यांना आठवत नव्हतं. खांद्यावर हात ठेवायच्या त्या फक्त गाडीतून उतरताना, आणि तेवढं एकच काकांनी नेमकं दुरुस्त करून टाकलं होतं. त्यांच्या हातून धड झालेली आयुष्यातली पहिली दुरुस्ती! तीही मेस्त्रीने केलेली.

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जाताना त्यांना राहवेना. "अगं, पूर्वीसारखं मी उघडू का दार?"

"का? बिघडलं परत?"

"नाही गं, चांगलंच आहे. म्हणूनच."

काकूंनी वळून पाहिलं. "मला वाटायचं तुम्ही वैतागता. दार उघडताना तोंड कसं असायचं तुमचं, ठाऊक आहे? म्हणून तर मी घाईने उतरायचे. हातसुद्धा जेमतेम टेकवायचे."

इतकी वर्षं दार उघडताना त्यांच्या डोक्यात सिमेंटची पोती असायची. आपल्याला तोंडही असतं आणि ते कुणाला तरी दिसतं, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"आज उघडतो," ते घसा खाकरून म्हणाले. "हसून."

"बरं," काकू म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घेऊन सरळ बसल्या. लाजल्यासारख्या.

दवाखान्यासमोरच्या उतारावर काकांनी गाडी थांबवली, टुणकन उतरले, वळसा घातला, तोंडभर हसून दाराला हात घातला आणि गाडी चालू लागली. हसण्याच्या नादात हँडब्रेक ओढायचा राहिला होता. काका हँडल धरून शेजारून पळू लागले. हसू तसंच तोंडावर, कारण ते आवरायलाही सवड नव्हती. "हँडब्रेक! अगं, हँडब्रेक!"

काकूंनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी फाटकाला नाक लावून थांबली. मग त्यांनी आतून दार उघडलं, शांतपणे खाली उतरल्या आणि धापा टाकणाऱ्या नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "अहो, यापुढे तुम्ही आतच बसून राहत जा. मी येऊन तुमचं दार उघडत जाईन."