कढीपत्त्याची संसदीय चौकशी

वाघमारेकाका चहात साखर किती हेसुद्धा क्रमांक देऊन विचारतात. "प्रश्न एकशे चार. साखर?" आपण "एक चमचा" म्हटलं की वहीत लिहून घेतात आणि म्हणतात, "नोंद झाली!"

सिडनीत पेंडल हिलला आमच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतात. लेक ऋचा पर्थला गेल्यापासून एकटेच. वेस्टमीडच्या लॅबमध्ये रक्त तपासतात आणि घरी आले की इथल्या संसदेचे एकोणिसाव्या शतकातले अहवाल वाचतात. खेड्यापाड्यांत मेंढ्या चोरीला गेल्या तेव्हा पोलीस कुठे तडमडले होते, याची चौकशी! "मुग्धा, एका मेंढपाळाला दिवसभर प्रश्न विचारले गं," ते गहिवरून सांगतात. "एकही माणूस उठून गेला नाही!"

मागच्या शनिवारी माझा कढीपत्ता गेला. चार हिवाळे, जुनी शाल गुंडाळून जगवलेलं रोप, आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, शिफ्टवरून येते तो बोडकं! मी जिन्यातच थयथयाट केला. काकांचे डोळे लकाकले.

"ग्रामीण गुन्हा!"

"काका, हे सिडनी आहे."

"कुंडीत माती आहे ना? मग ग्रामीणच."

रविवारी सकाळी त्यांच्या डायनिंग टेबलावर समिती बसली. अध्यक्ष काका, सदस्य काका, शिपाईही काकाच. साक्षीदार मी आणि वरच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला गुरदीप. आधी पोहे आले.

"प्रश्न एकशे नऊ. गुन्हा घडला तेव्हा आपण कुठे होता?"

"अंकल, मैं तो टॅक्सी में था. और पोहा मिलेगा?"

"नोंद झाली. मिलेगा."

मी पहिला घास घेतला आणि थबकले. पोह्यांत हा एवढा कढीपत्ता, हिरवागार! दुकानात तर आठवडाभर आलाच नव्हता, कालच मी विचारून आले होते. चोराच्या उलट्या बोंबा! काका पोहे आणायला आत गेले तशी मी रागाने ती वही ओढली, म्हटलं बघू तरी काय दिवे लावलेत. उघडलं ते पहिलंच पान.

"प्रश्न एक. पर्थला जायलाच हवं का? उत्तर: हो बाबा, नोकरी तिथेच आहे."

"प्रश्न दोन. फोन करशील ना? उत्तर: दर रविवारी."

आज रविवारच होता. काकांचा फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला, आवाज पूर्ण मोठा केलेला. सकाळपासून एकदाही वाजला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मी वही होती तशी परत ठेवली.

काका कढई घेऊन आले. "प्रश्न एकशे चौदा. मुग्धा, तुझा कुणावर संशय?"

"नाही, काका."

"नक्की?"

"शपथेवर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. चेहरा पडला. "म्हणजे चौकशी संपलीच म्हणायची."

"संपली कशी? माझा पुदिनाही गेलाय!"

गुरदीपचा चमचा हवेतच राहिला. येताना त्याने तो पुदिना पाहिला असणार. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

काकांनी घाईघाईने नवं पान काढलं. "पुढच्या रविवारी, अकरा वाजता. उपमा करतो."

"नोंद झाली," मी म्हटलं, आणि घरी जाऊन आधी पुदिना उपटला.