दिलेलं मत माघारी कोण घेणार

राजुरीच्या शिवारात तीन घरांच्या मालकीची एक विहीर आहे. त्या दिवशी सकाळी ती तिन्ही घरांच्या चांगुलपणामुळे बंद पडली. विहिरीत पाणी होतं, लाईट होती, मोटारही धड होती. अडलं होतं ते मतदान.

डोकं सगळं संघर्षचं. संघर्ष म्हणजे भागुजींचा मुलगा, पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा. त्याच्या संस्थेत साहेब नाही. देशोदेशी पसरलेले सभासद मोबाइलवर मत देतात आणि बहुमताने काम चालतं. चालतं म्हणजे, भांडणं चालतात. म्हणून त्यांनी संघर्षला अभ्यासाला लावलं होतं, की विहिरी, गायरानं, तळी अशा सामाईक गोष्टी लोक साहेबाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या कशा सांभाळतात. संघर्षने पुष्कळ वाचलं आणि घरी येऊन थेट आपल्याच विहिरीला हात घातला. स्टार्टर एका लोखंडी पेटीत बंद केला. तिघांपैकी दोघांची मतं मोबाइलवर पडली की पेटी आपोआप उघडणार. सवड नसेल त्याने आपलं मत दुसऱ्याला सोपवायचं, अशीही सोय केली. तिथेच राव घोळ झाला.

पाण्याची पाळी होती दुसऱ्या घरच्या लंकाबाईची. घरात ती एकटी. आदल्या संध्याकाळी तिने टोमॅटोची रोपं लावली होती आणि वर्षाची सगळी भिस्त त्यांच्यावर होती. ऊन चढायच्या आत पाणी मिळालं नाही तर रोपं माना टाकणार. आणि संघर्षच्या मोबाइलवर नुसतं एक चक्र गरगर फिरत होतं.

“आबा, तुम्ही मत कुणाला दिलं?” त्याने विचारलं.

“लंकाबाईला,” भागुजी म्हणाले. “तिची पाळी, तिची रोपं. आपण कशाला मधी बोलायचं?”

“सयाजीतात्या, तुम्ही?”

“मी बी तिलाच दिलं,” तिसरे वाटेकरी सयाजी म्हणाले.

“मग झालं की. काकी, सगळी मतं तुमच्याकडं आहेत. दाबा बटण.”

लंकाबाईने पदर सारखा केला. “मी तर भागुजीभाऊंना दिलं. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी आपली पाळी मला दिली व्हती, म्हणून माझी मिरची जगली. माणसानं जाण ठेवावी का नाय?”

संघर्षने कपाळाला हात लावला. आबांचं मत काकीकडे, काकीचं आबांकडे. बिचारं मत दोघांच्या घरी खेटे घालत होतं आणि बसा म्हणायला कुणीच नव्हतं.

“सोपं आहे,” तो म्हणाला. “दोघांपैकी एकानं माघारी घ्या.”

“दिलेलं?” भागुजींनी विचारलं.

“हो. हे बघा, इथं बटण आहे.”

“बटण असंल. पण लोकं काय म्हणतील?”

“भाऊ, तुमी घेऊ नका,” लंकाबाई म्हणाली. “अन्‌ मी तर घेणारच नाय. जाण ठेवून दिलेलं आपल्या रोपांसाठी परत मागायचं? त्यापरीस रोपं गेलेली बरी.”

नियम बदलावा तर त्यालाही दोन मतं लागत होती, आणि मतं फिरायला गेली होती.

सयाजींनी सरळ पहार आणली. भागुजी पेटीला पाठ लावून उभे राहिले. “हात लावायचा नाय, सयाजी. पोराचं गावातलं पहिलं काम हाय.”

संघर्षला भरून आलं. पेटी फोडली असती तर त्याला खुशाल चाललं असतं, पण आता ते सांगायचं कसं?

“ऱ्हाऊ द्या मग तुमची पेटी,” म्हणत सयाजींनी पहार टाकली आणि टेम्पो काढला. आपल्या शेततळ्यातून पिंपं भरभरून आणली. दोन्ही घरच्या बायका बादल्या घेऊन आल्या. रोपाला तांब्याभर पाणी, असं सगळे वाकले. संघर्षच्या कमरेचे टाके ढिले झाले. प्रत्येक पिंपाला लंकाबाई म्हणायची, “लई उपकार झाले,” आणि सयाजी म्हणायचे, “गप बस बाई, तुझ्या उपकारापायीच हे चाललंय.”

उन्हं डोक्यावर यायच्या आत शेवटचं रोप भिजलं. लंकाबाईने हात पुसले. “संघर्षा, आण तो मोबाईल. कुठलं बटण म्हणलास?”

“काकी, आता? आता तर रोपं भिजली.”

“म्हणून तर. मगाशी दाबलं असतं तर माझ्यासाठी दाबल्यागत झालं असतं. आता सयाजीभाऊंचं तळं रिकामं झालंय, त्यांच्या कांद्याला काय घालणार? भागुजीभाऊ, दिलेलं माघारी घेते, रागावू नका.”

“घे बाई, घे,” भागुजी म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखं झालं होतं.

तिने माघारीचं बटण दाबलं, मग मताचं. पेटी उघडली, मोटार सुरू झाली. लंकाबाईने आपल्या पाळीचं पाणी सयाजींच्या शेततळ्याकडे वळवलं. सयाजी नको नको म्हणत राहिले. मग त्यांनी संघर्षला हळूच बाजूला घेतलं.

“माझं मत आता कुणाकडं हाय?”

“काकीकडंच आहे, तात्या. घ्यायचं का माघारी?”

“नको,” सयाजी म्हणाले. “ऱ्हाऊ दे तिथंच.”