हायाशीसाहेबांचा सत्कार

गार्गीला ह्यूस्टनच्या कंपनीची ऑफर येऊन आठवडा उलटला, तरी अनंतरावांच्या तोंडून ना हो निघत होतं, ना नाही. पोरीनं बापाला बरोबर कात्रीत पकडलं होतं. "बाबा, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार," असं सांगून ती मोकळी झाली होती. एकुलती एक लेक. पुण्यात शिकून ती कतारमध्ये दोह्याला परत आली, अल मन्सूराच्या जुन्या फ्लॅटच्या दाराशी पुन्हा तिच्या चपला दिसू लागल्या, तेव्हा कुठे अनंतरावांना घरी वेळेवर यावंसं वाटायला लागलं होतं. आता नाही म्हणावं तर चारचौघं तोंडात शेण घालणार, आणि हो म्हणावं तर घर खायला उठणार. म्हणून रोज सकाळी "इन्शाल्ला, बघू" म्हणत ते ऑफिसला पळ काढत.

त्या गुरुवारी ऑफिसात त्यांचे जपानी साहेब, हायाशी, खिडकीबाहेर टक लावून बसले होते. समोरचा चहा गार झाला होता.

"यांना काय झालं रे?" अनंतरावांनी शेजारच्या टेबलावरच्या पियूषला विचारलं.

"काका, त्यांच्या गावच्या बेसबॉल टीमचा स्टार पिचर अमेरिकेच्या टीमनं उचलला. सकाळीच पक्की बातमी आलीय."

"पिचर म्हणजे?"

"बॉल टाकणारा. आपला बोलर समजा."

"अरे, मग ही तर पेढे वाटायची बातमी!"

कुणाचंही पोर अमेरिकेला निघालं की पेढे वाटायचे, हे अनंतरावांना नाशकात असल्यापासून पक्कं ठाऊक होतं. आणि दुसऱ्याच्या घरचं पोर अमेरिकेला जाणं साजरं करायला त्यांना कधीच जड गेलं नव्हतं.

"पण साहेब उदास वाटतायत, काका."

"जपानी माणूस आहे. आनंद झाला की असाच गप्प बसतो."

जेवणाच्या सुट्टीत अनंतराव अल मन्सूरातून पेढ्यांचा मोठा बॉक्स घेऊन आले आणि पहिला पेढा साहेबांपुढे धरला. हायाशी चटकन उभे राहिले, पेढा दोन्ही हातांनी घेतला, कमरेत वाकले आणि म्हणाले, "फार आभार."

"बघ!" अनंतराव पियूषच्या कानात म्हणाले. "डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या आनंदानं. एवढ्यावर भागवलं तर बरं दिसणार नाही."

महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीवर असल्यामुळे त्यांच्या गाडीच्या डिकीत सत्काराची शाल आणि नारळ कायम असत. ते सामान वर ऑफिसात आलं. पियूषला चेव चढला, त्यानं पिचरचा फोटो छापलेला केक मागवला. एचआरच्या अफशांनी "सर, टोपी भी होनी चाहिए" म्हणून मॉलमधून त्या अमेरिकन टीमची टोपी आणवली. दुपारी मीटिंग रूममध्ये सगळं ऑफिस जमलं. शाल घातली, हायाशी वाकले. नारळ दिला, ते आणखी वाकले. ते जितके वाकत, तितका अनंतरावांचा उत्साह उभा राहत होता. "त्या लहानशा गावात तो अडकला असता तर त्याचं सोनं झालं असतं का?" असं त्यांनी भाषणात विचारलं, आणि टाळ्यांच्या कडकडाटात ती टोपी साहेबांच्या डोक्यावर चढवली. टोपी मोठी होती, भुवयांपर्यंत आली. हायाशींनी सगळ्यांचे आभार मानले, क्षमा मागितली आणि बाहेर गेले.

केक कापायचा खोळंबला, साहेब काही येईनात. शोधायला गेलेल्या अनंतरावांना ते जिन्यात सापडले. शाल पांघरून, टोपी घालून, नारळ मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते.

"अनंत-सान," ते इंग्रजीत म्हणाले, "आमची टीम कायम तळाला असायची. हा आला आणि आम्ही जिंकायला लागलो. त्याची मॅच असली की माझे म्हातारे वडील मला फोन करायचे. एरवी आम्हा दोघांत बोलायला काही नसतं."

अनंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या घरात सुतक, तिथे आपण बँड लावला! ते खालच्या पायरीवर टेकले आणि त्यांनी मनातलं विचारलं, "टीमला नाही म्हणता आलं नसतं?"

"आलं असतं. अजून काही वर्षं तो टीमचाच होता. पण त्यानं विचारलं, 'जाऊ का?' आणि टीम म्हणाली, 'जा.'"

"पण का?"

"नाही म्हटलं असतं तर हात आमच्याकडे राहिला असता, डोळे तिकडे." हायाशींनी टोपी सरळ केली. "त्याच्या इथल्या शेवटच्या मॅचला मीसुद्धा टीव्हीसमोर उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग दार लावून रडलो."

संध्याकाळी उरलेले पेढे शेजारच्या सीटवर ठेवून अनंतराव घरी निघाले. 'तू जा' एवढे दोन शब्द प्रत्येक सिग्नलला मोठ्यानं म्हणून पाहिले. एकदाही ते धड निघाले नाहीत. घरी गार्गी लॅपटॉपशी बसली होती. बूटही न काढता त्यांनी दारातूनच सांगून टाकलं.

"गार्गी, तू जा."

"थँक यू, बाबा!" ती उठून त्यांच्या गळ्यातच पडली. "मला माहीत होतं तुम्ही हो म्हणणार. म्हणून तर सोमवारीच मी त्यांना ॲक्सेप्ट केलं म्हणून कळवलं."

"सोमवारी?"

"अहो, मुदत संपत होती," स्वयंपाकघरातून गार्गीच्या आईचा, जयमालाबाईंचा आवाज आला. म्हणजे घरात फक्त त्यांनाच ठाऊक नव्हतं.

"मग मला कशाला विचारलंस?"

"असं कसं बाबा? तुम्हाला न विचारता मी गेले असते का?" गार्गीला मनापासून वाईट वाटलं.

अनंतरावांनी पेढ्यांचा बॉक्स या हातातून त्या हातात घेतला. जयमालाबाई हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याच्या हातातला बॉक्स बघून त्यांचा चेहरा फुलला. "अगं बाई, पेढेसुद्धा आणलेत!" म्हणत त्यांनी बॉक्स उघडला आणि पहिला पेढा त्यांच्यापुढे धरला.

अनंतरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला. नकळत कमरेत वाकले. "फार आनंद झाला," ते म्हणाले, आणि पेढा घशाखाली उतरेपर्यंत तसेच वाकून राहिले.

"बघ," जयमालाबाई लेकीला हळूच म्हणाल्या, "डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या आनंदानं. तुझी पार्टी आता मोठीच करू या."